शेंगांवर शिकलेला मुलगा

आपल्या पदवीला शेजारणीकडून मागून आणलेली परात समजणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच झाला, आणि ते माझे व्याही. परात कधीतरी घासूनपुसून परत करायची असते, एवढाच त्यांचा सिद्धान्त होता. असा दुसरा कुणी झाल्याचे कुणाचे म्हणणे असेल, तर त्याने जुन्या जालन्यात माझ्या कापडाच्या दुकानात येऊन ते समोरासमोर मांडावे. बसायला गादी आहे. वयोमानाने माझा आवाज आता चढत नाही. पण व्याही गेल्यापासून त्यांच्याविषयी इतक्या थापा कानावर आल्या आहेत की खुलासे करून करून मी थकलो आहे. हा शेवटचा.

व्याही मंठ्याच्या एका अनुदानित महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवीत. त्यांचे स्वतःचे शिक्षण सरकारी वसतिगृहात राहून, फी माफ होऊन झालेले. पुढे पगारही सरकारी तिजोरीतून. असा पगार मिळणाऱ्या इतरांनी त्या काळात प्लॉट घेतले. यांनी मालक घेतले. काडीपेटी, रॉकेल, चहापत्ती यांवर जो जो कर भरतो तो आपला मालक, असे त्यांनी एकदा मनाशी ठरवले आणि तेव्हापासून आठवडी बाजारातून त्यांच्यासोबत जाणे हे एक दिव्य होऊन बसले, कारण पावलोपावली मालक भेटत. विडी पेटवणाऱ्या एका म्हाताऱ्यासमोर हात जोडून ते म्हणाले, "ओढा बाबा, निवांत ओढा. तुमच्या काडीवर आमचं कॉलेज चाललंय." म्हाताऱ्याने घाबरून विडी विझवली. खडूचा तुकडा बोटांत धरवेनासा होईपर्यंत ते त्याने लिहीत, कारण खडू मालकाचा. चिक्कू होते म्हणून तसे करीत, असे त्यांचे सहकारी सांगतात. खोटे आहे. विद्यार्थ्यांना ते स्वतःच्या पैशाने भजी खाऊ घालीत, आणि हे सहकारीही त्या भज्यांना न चुकता हजर असत.

बाजारात शेंगा विकणारी शेवंताबाई ही त्यांची सर्वांत लाडकी मालकीण. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून ती टोपले डोक्यावर घेऊन येई. ओढ्याला पाणी चढले की तिचा बाजार बुडे. एका दुपारी व्याह्यांनी तिला थेट वर्गात आणले आणि मागच्या बाकावर बसवून सांगितले, "बघा, तुमचं काम बराबर चाललंय का." विषय होता राज्यसभेची रचना. शेवंताबाई थोड्याच वेळात गाढ झोपली. पोरे खिदळू लागली तेव्हा व्याही गरजले, "मालक झोपला तर चालतो. नोकरानं झोपू न्हाई!" प्राचार्यांनी तिला हाकलून दिले, अशी जी कथा आहे तीही असत्य. प्राचार्यांनी तिला चहा पाजला आणि तिने प्राचार्यांना ओंजळभर शेंगा दिल्या. मी त्या दिवशी उधारीच्या वसुलीसाठी मंठ्यात होतो. त्यातल्या चार शेंगा माझ्याही वाट्याला आल्या. निघताना व्याह्यांनी तिला विचारले, "आमच्या कामाविषयी काही विचारायचंय का?" "न्हाई बा," ती म्हणाली, "लई गोड आवाज हाय तुमचा." व्याही दिवसभर खट्टू होते. त्यांना कौतुक नकोच होते. जिच्या पैशावर हे सारे उभे आहे, तिने एकदा तरी कमरेवर हात ठेवून जाब विचारावा, ही त्यांची जन्माची भूक होती.

माझ्या मुलीच्या लग्नाची बैठक या भुकेपायीच मोडता मोडता राहिली. त्यांचा मुलगा औरंगाबादला सरकारी महाविद्यालयात शिकून इंजिनियर झालेला. देण्याघेण्याचा विषय निघताच व्याही शांतपणे म्हणाले, "मुलगा माझा न्हाई, सरकारी आहे. काही घेतलंच तर तिजोरीत भरावं लागंल." माझी धाकटी बहीण माझ्या कानाशी लागली, "दादा, पोरगं दत्तक हाय का काय?" मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्या मुलाला त्याच वर्षी डोनेशन भरून खासगी महाविद्यालयात घातले होते आणि त्यापायी बदनापूरचे शेत गेले होते. मी म्हणालो, "तुमचा फुकट शिकला, इवाई. खर्चा काय असतो ते आम्हाला विचारा." आमच्याकडे व्याह्याला तोंडावर इवाईच म्हणतात.

"फुकट?" ते उसळले. "तुमच्या पोराची फी बापानं भरली. तुम्ही त्याला कधीबी सुनावू शकता, आन् सुनावताच. माझ्या पोराची फी ज्यांनी भरली, त्यांना तो तोंडानंबी ओळखत न्हाई. आता सांगा, महाग कुणाचं पडलं?" मी उठून पाटावर जाऊन बसलो. तिथे मी हरलो असे माझे भाऊबंद म्हणतात. मी हरलो नव्हतो. पाने वाढून झाली होती.

पुढे जावयाला अमेरिकेत पूल बांधणीच्या कामावर नोकरी लागली. लोक सांगतात, व्याह्यांनी मुलाला बखोटीला धरून बाजारातून फरफटत फिरवले आणि म्हणूनच तो परतला नाही. मी मागून चालत होतो, तेव्हा माझे ऐका. जावई आपल्या पायांनी, इस्त्रीच्या शर्टात, बापामागे चालला होता. व्याही एकेका दुकानापुढे थांबत, म्हणत, "हा तुमच्या पैशावर शिकला. आता देश सोडून चाललाय. जाऊ द्यायचं का?" आणि श्वास रोखून उभे राहत. भाजीवाल्याने विचारले, इलेक्शनला कोण उभं राह्यलंय? तंबाखूवाल्याने आपल्या भाच्यालाही सोबत न्यायला सुचवले. शेवंताबाईने जावयाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली, खिशात शेंगा कोंबल्या आणि म्हणाली, "जा माझ्या राजा. आईला कागद टाकीत जा." जावयाचे डोळे भरले, माझ्या मुलीचे भरले. कोरडे एकटे व्याही. परतताना म्हणाले, "कुणी अडवलाच न्हाई हो, इवाई." मुलगा राहावा असे त्यांना बाप म्हणूनच वाटत होते, हे मला तेव्हा उमगले, पण बाप म्हणून काही मागण्याची त्यांची रीत नव्हती.

निवृत्तीनंतरही दर बाजाराला ते शेवंताबाईच्या टोपल्यापाशी उकिडवे बसत आणि मुलाने तिकडे काय काय बांधले ते तिला सांगत. थापा मारीत, असे म्हणतात. थापा नव्हत्या. मुलाचे फोन कमी झाले तसे ते जुनेच पूल पुन्हा सांगत, इतकेच. मग एका पावसाळ्यात ते एस.टी.ने भिजत माझ्या दुकानी आले आणि पायरीवरूनच ओरडले, "विचारलं हो इवाई, विचारलं!"

"कुणी? काय विचारलं?"

"शेवंताबाईनं! पाण्यापायी सलग बाजार बुडाले तिचे. आज आल्ती. मी पुलाचं सांगून राह्यलो, तर मधीच तोडून म्हणती, 'मास्तर, तिकडं येवढं बांधून राह्यला, मंग आमच्या वढ्यावर का न्हाई बांधला?'" नातवाची बातमी आली तेव्हाही मी त्यांना इतके आनंदात पाहिले नव्हते.

"मग तुम्ही काय सांगितलं?"

ते गादीच्या कडेला टेकले. टोपी काढून त्यांनी पिळली. "काय सांगणार? जाब होता, मान खाली घालून ऐकून घेतला," म्हणाले, आणि ती ओली टोपी त्यांनी गुडघ्यावर पसरून वाळत घातली.

त्याच वर्षी ते गेले. मुलाच्या ध्यासाने गेले, असे लोक सांगतात. हा एक खुलासा माझ्याच्याने होत नाही.

अजूनही मंठ्याला गेलो की मी शेवंताबाईपाशी थांबतो. ती थकली आहे. टोपले आता सून वाहते. मला ओळखून ती मूठभर शेंगा देते, माझ्या मुलीची खुशाली विचारते. मी शेंगा सोलत उभा राहतो, ती आणखी काही विचारते का याची वाट पाहत. ती विचारत नाही. ओढ्याला पाणी असले की भेटतही नाही.