पहिला आधी, का दुसरा?

क्लास लावला की सर एकच असतो. एकट्यानं अभ्यासाला बसून बघा, अख्खा जिल्हा तुमचा सर होतो! एसटीत शेजारी बसलेली बाई, अभ्यासिकेचे काका, कोणाच्या तरी मेव्हण्याचा मित्र, जो भेटेल तो काहीतरी शिकवूनच सोडतो. मी सीएच्या इंटरमिजिएटचा अभ्यास बुलढाण्याच्या एका अभ्यासिकेत बसून, मोबाइलवरच्या व्हिडिओंच्या भरवशावर केला. त्यात अकाउंट्स किती शिकले ते राहू द्या, पण किस्से मात्र पोतंभर जमले.

आधी एवढं सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी विचारायला नको. इंटरचे पेपर सहा. तीन पहिल्या ग्रुपात, तीन दुसऱ्यात. कोणताही ग्रुप आधी द्या, नाहीतर दोन्ही सोबत द्या, तुमची मर्जी.

माझी मर्जी मात्र तेवढी मोकळी नव्हती. आमचं घर मोताळ्याचं, कपाशी-सोयाबीनवाल्यांचं. चिखलीच्या एका चांगल्या घरानं मला आधीच पसंत करून ठेवलेलं. बाबांनी साफ सांगितलं, "अर्चू, एक ग्रुप अन् एक चान्स. निघाला तं पुढं शिक. नाही निघाला तं पाहुण्यांले हो म्हणाचं!" मीही तोऱ्यात "चालते" म्हणून बसले. म्हणजे कोणता ग्रुप आधी द्यायचा, हे चुकलं असतं तर मला थेट हळदच लागली असती!

* * *

आमच्या अभ्यासिकेत सगळी गर्दी पोलीस भरती आणि तलाठी भरतीची. पहिल्या दिवशी तिथल्या वानखडे काकांनी विचारलं, "कोणती भरती?"

"भरती नाही काका, सीए."

"हां, हां. मंग ग्राउंड कधी हाये?"

"ग्राउंड नसते त्याले."

"धावा नाही लागत?"

"नाही."

"गोळाफेक?"

"नाही हो काका! नुसतं बसून पेपर लिवाचा."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "मंग एवढे पोट्टे फेल काऊन होतात वं?"

बहुतेक काकांना माझी कीव आली असावी, कारण त्यांनी मला पंख्याखालची जागा दिली.

* * *

त्या गर्दीत सीएवाले आम्ही तिघंच. मी, मलकापूरचा गजानन म्हणजे गज्या, आणि प्रशांत.

गज्याचा आत्मविश्वास म्हणजे काय विचारता! त्याचं म्हणणं, दोन्ही ग्रुप सोबतच द्यायचे. तसे दिले की दोन्हीकडचे मार्क एकत्र धरतात, एका ग्रुपात जास्तीचे पडले तर दुसऱ्याला उपयोगी पडतात. हे खरंही आहे. पण गज्या ते सांगायचा कसा? "बैलजोडी हाये थे! एक थकला तं दुसरा ओढते."

वानखडे काका मागं उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "अन् दोन्ही बसले तं?"

"बसत नाहीत काका! आपला अभ्यास हाये!"

निकालाच्या दिवशी गज्याचा मेसेज आला. एकच शब्द. "बसले."

दुसऱ्या दिवशी मात्र गडी सकाळीच हजर, नवीन पेन घेऊन. "पुढच्या वेळी एकेक जुंपतो," म्हणाला. गज्याला तोड नाही!

* * *

प्रशांतचं अगदी उलटं. त्यानं स्वतः ठरवायचं सोडून सगळ्या जगाला विचारलं. बुलढाण्यातले एक सीए म्हणाले, पहिला दे. व्हिडिओतले सर म्हणाले, दुसरा दे. पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, "अरे, पहिला आधी असतो म्हणूनच तर त्याला पहिला म्हणतात ना?" त्यावर प्रशांत दोन दिवस फार प्रभावित होता.

फॉर्मची शेवटची तारीख आली तरी याचं काही ठरेना. शेवटी म्हणाला, "छापा-काटा करतो. छापा पडला तं पहिला!" आम्ही सगळे भोवती जमलो, भरतीवाले पोट्टेसुद्धा. प्रशांतनं डोळे मिटले आणि नाणं असं काही उडवलं, की ते थेट कूलरच्या पाण्यात गेलं!

सगळे कूलरमध्ये वाकून बघायला लागले. छापा म्हणणारे चार, काटा म्हणणारे चार. काकांनी ओरडून सगळ्यांना जागेवर बसवलं आणि प्रशांतला म्हणाले, "देवानं सांगतलं तुले. थंड घे!"

प्रशांतनं खरंच थंड घेतलं. नाणं काढेपर्यंत संध्याकाळ झाली, मग साइट हँग झाली आणि तारीख गेली. फीचे पैसे तेवढे वाचले, असं तो आजही सांगतो.

* * *

मी कोणालाच विचारलं नाही. शिष्टपणा म्हणा हवं तर! मी काय केलं, दोन्ही ग्रुपांचे जुने पेपर काढले आणि घरी दार लावून, घड्याळ समोर ठेवून, एकेक सोडवला. दुसऱ्या ग्रुपातल्या कॉस्टिंगमध्ये मी मजेत निघाले. फायनान्शियल मॅनेजमेंटमध्ये काठावर. पहिल्या ग्रुपातल्या टॅक्समध्ये मात्र माझे असे हाल झाले, की उत्तरपत्रिका मीच तपासली आणि मलाच लाज वाटली. झालं, ठरलं. दुसरा ग्रुप आधी! टॅक्स बाई, तू बस मागं, तुझ्याशी नंतर बोलते.

आईला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दुसरा आधी? पोहे करताना फोडणी मागून देतेस काय?"

"आई, अभ्यास माझा हाये."

"हो बाई, तुयाच हाये. अन् चिखलीचे पाहुणेही तुयेच हायेत," ती म्हणाली.

त्या दिवशी जेवताना मला एक घास गोड लागला नाही, खरं सांगते.

* * *

दुसऱ्या ग्रुपात ऑडिट म्हणजे हिशेबतपासणी असते, सगळं पाठांतर. ते मी मोताळा-बुलढाणा एसटीत करायचे. घाट लागला की गाडी हळू होते आणि डोकं चांगलं चालतं. एकदा डोळे मिटून माझी पुटपुट सुरू होती. "कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायचा. तोंडी सांगितलं तरी लेखी घ्यायचं. संशय कायम ठेवायचा..."

शेजारी मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. गच्च दाबला.

"लग्नाले किती वर्सं झाली बाई तुया?"

मी म्हटलं, "मावशी, लग्न नाही झालं अजून, परीक्षा हाये."

"मंग आतापासूनच पाठ करून राह्यली? लय हुशार हायेस!" मावशी म्हणाल्या, आणि उतरताना मेथीची एक जुडी माझ्या बॅगवर ठेवून गेल्या.

* * *

परीक्षेचं सेंटर अकोल्याला. मलकापूरहून रेल्वेनं जायचं. बाबा सोबत आले. मी आत पेपर लिहीत होते आणि ते बाहेर झाडाखाली बाकीच्या आईबापांत बसलेले. तिथं एकानं त्यांना विचारलं, "तुमचा कितवा?"

बाबांना वाटलं, पोर कितवं ते विचारतोय. म्हणाले, "ही मोठी. मंग एक पोरगा हाये."

"नाही हो, अटेम्प्ट कितवा? आमचा पाचवा."

दुसऱ्यानं लगेच मान वर केली, "आमचा सहावा." तिसरा तर हसतच होता, त्यानं आकडा सांगितलाच नाही! तो डबा, सतरंजी, उशी असं सगळं घेऊन आला होता. बाबा दिवसभर त्याच्या सतरंजीवर बसून राहिले.

परतीच्या गाडीत नांदुरा गेलं. बाबा खिडकीकडं बघतच म्हणाले, "मी एक चान्स म्हणलो होतो नं?"

"हो बाबा."

"दीड धर."

दीड चान्स म्हणजे नक्की काय, ते त्यांनाही माहीत नसावं. मला मात्र रडूच यायला लागलं, म्हणून मी पाण्याची बाटली तोंडाला लावून बसले.

* * *

निकाल लागला तो नेमका मोताळ्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी. बाबा बाजारात. मी फोन लावला आणि ओरडले, "बाबा! दुसरा निघाला!"

"अन् पहिला?"

"पहिल्याले मी बसलीच नव्हती नं!"

बाजाराच्या गलबल्यातून बाबांचा आवाज आला, पण माझ्यासाठी नाही, शेजारच्या कांदेवाल्यासाठी. "आमची पोरगी पहिलीत बसलीच नाही! डायरेक्ट दुसरी पास झाली!"

बाजारातली बातमी ती, घरी बाबांच्या आधी पोचली. संध्याकाळी गल्लीतल्या एक काकू पोराचा हात धरून आल्या. "कोणत्या शाळेत असं करून देतात वं? आमच्या पिंट्याले बी टाकाव म्हणते, पहिलीत लय तरास देऊन राह्यला."

पिंट्यासकट सगळ्यांना पेढे दिले. त्या दिवशी मी कोणाला काही समजावत बसले नाही, आनंदच तेवढा झाला होता.

* * *

आणि मग चिखलीचे पाहुणे आले. माणसं सज्जन, तक्रारीला जागा नाही. मुलाचे काका फार गोड बोलायचे. त्यांनी आधी माझं तोंडभर कौतुक केलं, मग बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "एक निघाला, लय झालं! आम्ही काई जुन्या इचाराचे लोक नाही. राह्यलेला एक ग्रुप लग्नानंतर देईन थे. आता तारीख काढून टाकू."

मी आतल्या दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभी. हे 'लग्नानंतर देईन' मला चांगलं माहीत होतं. माझ्या आतेबहिणीची बी.एडची पुस्तकं अजून माळ्यावर आहेत, ती लग्नानंतर वाचणार होती. आणि बाबा शब्दाचे पक्के असले, तरी पाहुण्यांपुढं त्यांच्या तोंडून 'नाही' निघत नाही. लोकांच्या घरी चौथा चहा नको म्हणायलासुद्धा त्यांना जड जातं. आईनं माझ्या हातातला ट्रे काढून घेतला आणि स्वतः बैठकीत नेऊन ठेवला.

बाबा खाली बघत होते. टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "पाहुणे, तिचा पहिला राह्यला अजून."

"थेच म्हणून राह्यलो नं मी! लग्न उरकू, मंग पहिला—"

"लग्न तिसऱ्या ग्रुपात हाये."

काकांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा बाबांकडं. "तिसरा बी ग्रुप असते काय त्यात?"

"असते नं," बाबा म्हणाले आणि पोह्यांची प्लेट त्यांच्यापुढं सरकवली. "पण त्याले बसाले पहिले दोन्ही काढा लागतात. घ्या, पोहे घ्या."