सुनंदाच्या नावाने दिलेली उत्तरं

धंतोलीतल्या दवाखान्यात, जिन्याजवळ, डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सुनंदा गेल्याचं सांगितलं, तेव्हा तिचा फोन माझ्याच हातात होता. तो तेवढ्यात वाजला. 'मॅडम, चाललं! फोटोवरून संत्र्याची प्रत ओळखून राहिला फोन. आता पुढे काय करू?' ... अशा वेळी माणसाने काय करावं? मी 'शाब्बास, पुढे चला' असं लिहून पाठवून दिलं. बायको गेली हे माझ्याच गळी उतरलं नव्हतं, तर निरोप पाठवणाऱ्या काटोलच्या पोरींना काय सांगणार, अशी स्वतःची समजूत घातली. पण त्यानंतरचे काही आठवडे मी सुनंदाच्या नावाने उत्तरं देत राहिलो, त्याला मात्र माझ्याजवळ सबब नाही.

सुनंदाने उभी हयात पॉलिटेक्निकात संगणक शिकवला. निवृत्त झाल्यावर आमच्या प्रताप नगरच्या घरी दोघंच उरलो, तेव्हा ती एका हॅकेथॉनची मेंटॉर झाली. म्हणजे देशभरातल्या पोरापोरींनी घरबसल्या गट करून ठरलेल्या मुदतीत एखाद्या अडचणीवर काही नवीन तयार करायचं, अशी ती मोठी ऑनलाइन स्पर्धा, आणि त्या गटांना वाट दाखवायला ही. "काहून वं, पगार देते का कोणी?" मी विचारलं होतं. "नाही देत." "म्हणजे बिनपगारी, फुल अधिकारी!" ती हसली. हसून सोडून द्यायची तिची सवय मला फार सोयीची होती. रविवारी दुपारी तिचे गट पडद्यावर यायचे आणि माझ्या टीव्हीचा आवाज त्यांच्याही कानावर जायचा. "अहो, थोडा कमी करता का?" असं ती एकदा म्हणाली, मी केला नाही. मग ती लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात बसायला लागली आणि मला वाटलं, चला, भांडणच मिटलं. आज हे लिहिताना लाजेने कान तापतात.

काटोलच्या त्या तीन मुली इंजिनीअरिंगला. घरच्या बागेतल्या संत्र्यांचा फोटो काढला की माल कोणत्या प्रतीचा हे बाजारात न्यायच्या आधीच फोनने सांगावं, असा त्यांचा खटाटोप होता. तेरवी झाली, पाहुणे आपापल्या गावी गेले, तरी त्यांचे प्रश्न येतच होते. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही. मी त्यांचा प्रश्न एआयला विचारायचो, पानभर उत्तर मिळायचं, ते जसंच्या तसं पाठवून द्यायचो. हे सगळं तिच्यावरच्या प्रेमापोटी केलं असं सांगायला मला आवडलं असतं. तिच्यासाठी निरोप आला की तेवढा वेळ ती घरातच कुठेतरी आहे असं वाटायचं, हे खरंच आहे. पण 'थँक्यू मॅडम, तुमच्यामुळेच जमलं' हे वाचून मीच फुगायचो, हेही तितकंच खरं. मेलेल्या बायकोची शाबासकी मी खात होतो.

गट अंतिम फेरीत गेला आणि निरोप आला, 'मॅडम, सादरीकरणाच्या आधी एकदा दिसा तरी.' आता पळवाट नव्हती. रविवारी दुपारी स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडला. तिघींचे चेहरे आले. मी नमस्कार केला आणि एका दमात बोलून टाकलं. "पोरींनो, मी मॅडमचा मिस्टर. मॅडम... नाहीत आता. उत्तरं मीच देत होतो. मले माफ करा."

कोणी दचकलं नाही. गटाची पुढारी वैष्णवी, ती हळूच म्हणाली, "आम्हाले माहीत होतं, सर."

"कसं काय?"

"मॅडम कधी उत्तरच देत नव्हत्या. आम्ही विचारलं, की उलट त्याच विचारत. 'तुझ्या बाबाच्या हाती हा फोन दिला, तर ते पहिलं बोट कुठं ठेवतील?' मग आम्ही खरंच बाबाले फोन देऊन पाहत होतो. अन् एकदम पानपानभर उत्तरं यायला लागली... तेच उत्तर आम्हालेही मिळालं होतं सर, एआयकडून. मग कॉलेजच्या सरांनी सांगितलं, मॅडम गेल्या म्हणून."

"मग मलेच विचारून काहून राहिल्या होत्या?"

तिने बाकीच्या दोघींकडे पाहिलं. "वाटलं, घरी तुमच्याशी बोलाले कोणी नसंल..."

माझी मान वर होईना. ज्यांना मी फसवतोय असं समजत होतो, त्या पोरी इतके दिवस मला सांभाळून घेत होत्या. तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यात लहान म्हणाली, "सर, मॅडम तुम्हालेही असेच प्रश्न विचारत होत्या का?"

आठवायला वेळ लागला नाही. दर रविवारी बोलणं संपलं की सुनंदा फुललेल्या चेहऱ्याने दारात यायची आणि विचारायची, "सांगू का, आज पोरींनी काय केलं ते?" मी म्हणायचो, "बातम्या होऊ दे." बातम्या संपेपर्यंत ती भाजी चिरायला बसलेली असायची. मी एकदाही ऐकून घेतलं नाही. एकदाही नाही. हे मी त्या मुलींना सांगून टाकलं.

मग वैष्णवीने विचारलं, "सर... मग आम्ही सांगू का?"

"सांगा," मी म्हणालो, आणि ओट्याजवळचं सुनंदाचं स्टूल पुढे ओढून त्यावर ऐकायला बसलो.