वाळ्याच्या ताट्यांवरची नेमणूक

माणसाचे सुख नोकरीवर नव्हे, वृत्तीवर अवलंबून असते. सत्तरच्या दशकात एम.ए. होऊन मी नागपुरात दोन वर्षे घरी बसलो होतो, तेव्हा हे पुष्कळांना पटवून दिले. ऐकणारेही बहुतेक माझ्यासारखेच असल्याने वेळेची अडचण नसे.

तसा मी अगदीच रिकामा नव्हतो. उन्हाळ्यात आमच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागत. ओल्या असल्या की त्यांतून गार वारा येई. सुकल्या की घराची भट्टी होई. वडिलांची कचेरी उन्हाळ्यात सकाळची असे. दुपारी जेवून ते ताटीमागे झोपत आणि मी बाहेरून बादलीने पाणी मारी. आईने हे काम दिले तेव्हा अपमान वाटला होता. पुढे कोणी 'सध्या काय?' विचारले की 'दुपारी मोकळा नसतो' असे खरे सांगता येऊ लागले.

एका दुपारी शेजारचा बेकार मित्र आला. कडुनिंबाखाली सुखाचा विषय निघाला, मी रंगात आलो आणि ताट्या सुकल्या. वडील घामाने भिजलेल्या बनियनवर बाहेर आले.

"काहून बे, झोपला होता का?"

"नाही बाबा. जरा चर्चा करून राहिलो होतो."

"कशाची?"

"सुखाची," मित्र म्हणाला. त्याला कोणी विचारले नव्हते.

"मी आत शिजून राहिलो अन् तुम्ही सुखावर बोलून राहिले. उद्यापासून पोरगी पाणी मारील. तुले नाही जमत."

धाकटी बहीण पाणी मारू लागली. तीही नोकरीसाठी अर्ज करत होती, पण त्यावर चर्चा करत नसे. मी आतल्या गारव्यात पडून राही आणि झोप येत नसे. बाहेर पाण्याचा सपकारा बसला की वाटे, डाव्या कोपऱ्यापर्यंत पोचले नाही. जेवताना तिसरी पोळी मागायचा धीर होईना. सरकारने नोकरी नाकारली तेव्हा व्यवस्थेला दोष देता आला होता; इथे व्यवस्था शेजारच्या खाटेवर घोरत होती.

शेवटी मी आईला मध्ये घातले. आठवड्याभरात बादली परत माझ्या हाती आली. माझी तळमळ पाहून वडील विरघळले, असे मी मित्राला सांगितले.

बहिणीला टेलिफोन खात्यात नोकरी लागली होती.