न घातलेले आठ फ्रॉक

आमच्या दुकानात कापड कापणार मास्तर, शिवणार दोघे मशीनवाले, आणि काज-बटणं माझी. एकोणीस वर्षं मी काजं करतेय. मशीनवाले म्हणतात, सगळ्या गावाला बटणं लावलीत, तुमच्या तोंडाला तेवढं लावायचं राहिलं. राहू दे. मास्तरांच्या वाट्याचं बोलायला कुणीतरी हवंच होतं, कारण ते स्वतः कधी बोलले नाहीत.

मास्तर म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. टेपने माप घ्यायचं, वहीत लिहायचं आणि वहीत असेल तेच कापायचं, ही त्यांची रीत. समोर उभ्या माणसाकडे नंतर बघायचंच नाही. एकदा एक जाडजूड शेठ श्वास रोखून माप देऊन गेला. मला दिसत होतं, मशीनवाल्यांना दिसत होतं. मी म्हटलं, "मास्तर, कमरेला दोन इंच वाढवा, नाहीतर पँट त्याच्या गुडघ्यांवरच राहील." मास्तर म्हणाले, "बाई, डोळा माया करतो, टेप करत नाही. लिहिलंय तेच कापणार." पँट अर्थातच लागली नाही. शेठ तणतणला. मास्तर शांतपणे म्हणाले, "माप देताना जसे उभे होतात, तसेच उभे राहा, बरोबर बसेल." आम्ही आठ दिवस हसत होतो. पण हाच स्वभाव पुढे त्यांच्या गळ्याशी आला.

पाच वर्षांपूर्वी त्यांचं लग्न मोडलं. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिचं नाव दुकानात कुणी घेत नाही, किडकिडीत म्हणून सगळे टाचणी म्हणतात. कोर्टाच्या कागदावर ठरलं की टाचणी आईकडे राहील, रविवारी बापाकडे येईल, आणि बाप दर महिन्याला तिच्या खर्चाचे पैसे आईला देईल. मास्तरांनी तो कागद मापाच्या वहीतच ठेवला. एक तारीख कधी चुकली नाही. स्वतःच्या चपलेला तिसऱ्यांदा टाके घातले, पण एक तारीख नाही चुकली.

रविवारी दुकान बंद असायचं, पण हे दोघे तिथेच. ती चिंध्यांचं काहीबाही करायची, हे तिच्यासाठी शिवायचे. दर सहा महिन्यांनी दोन फ्रॉक, एक स्वतःच्या घरी ठेवायला, एक आईच्या घरी न्यायला. पोरीची जात, भराभर वाढणार, म्हणून घेराला चार बोटं दाब आत दुमडलेला. तो दुमडलेला घेर जागेवर धरायला पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके घालतात, कच्चा दोरा. गिऱ्हाइकाच्या कपड्यातला आम्ही काढून टाकतो. टाचणीच्या फ्रॉकात मास्तर मुद्दाम ठेवायचे, कारण पहिल्यांदा घालताना तो एका झटक्यात ओढून काढायला तिला फार आवडायचं. बटणं अर्थात मी लावायचे, चांगल्यातली, शिंपल्याची. संध्याकाळी आई दुकानाच्या दारात यायची, पोर आणि फ्रॉक घेऊन जायची. पायरी कधी चढली नाही.

मग एका रविवारी ती न्यायला आली नाही. सोमवारी सकाळी आली, एक निळी कॅनव्हासची पिशवी घेऊन. म्हणाली, "मला दुसऱ्या शहरात काम मिळालंय. सहा महिने ठेव हिला. मी स्थिरावले की घेऊन जाते." मास्तर मान हलवून हो म्हणाले. त्यांचा चेहरा मी पाहिला होता, लॉटरी लागल्यासारखा.

सहाचे अकरा महिने झाले. आणि या अकराही महिन्यांत हा देवमाणूस एक तारखेला तिला पैसे पाठवत होता. पोर ह्यांच्या खाटेवर झोपतेय, ह्यांच्या ताटात जेवतेय, फी हे भरतायत, आणि तिच्या खर्चाचे पैसे तिकडे. मला हे कळलं तेव्हा माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की सुई बोटात घुसली.

"अहो, तुम्हाला वेड लागलंय का?"

"कागदावर तसंच लिहिलंय, बाई."

"कागदाला काय दिसतंय पोर कुठे झोपते ते?"

"म्हणून काय आपल्या मनाने कापायचं?"

आठवडाभर मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी आमच्या गिऱ्हाईक असलेल्या वकीलबाईंकडे त्यांना घेऊन गेले. मला वाटलं होतं बाई त्यांना चार शब्द सुनावतील. त्या म्हणाल्या, "यांनी बरोबर केलं. कागद बदलेपर्यंत देणं भाग होतं. पण आता अर्ज करा. मुलगी तुमच्याकडे राहते असं लिहून घ्या, आणि तिच्या आईकडे खर्च मागा. ती कमावते आहे." मास्तर माझ्याकडे बघून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

पण अर्ज करायचा की नाही, यावर गाडी अडली. बायकोकडून पैसे मागायचे म्हटलं की त्यांची मान खाली. "तिने चार वर्षं सांभाळलं पोरीला," म्हणायचे. "तेव्हा मी नुसते पैसे दिले. उठवणं, न्हाऊ घालणं, आजारपण सगळं तिने काढलं. आता माझी पाळी आली तर लगेच हात पसरू?"

तरी त्यांनी तिला फोन केला. माझ्यासमोरच केला. जन्माचा दाखला हवा होता. ती म्हणाली, निळ्या पिशवीत तळाशी आहे. मग विचारलं, कशाला हवाय? यांना खोटं बोलता येत नाही. यांनी सांगितलं. पलीकडून जे आलं ते मला चार हातांवर ऐकू आलं. "पैसे मागितलेस तर पोरीला घेऊन जाईन. कागदावर ती अजून माझीच आहे."

मास्तरांनी फोन ठेवला आणि दिवसभर खडू हातात घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ते पिशवी दुकानात घेऊन आले. टाचणीने ती अकरा महिने खाटेखाली ठेवली होती, उघडू दिली नव्हती. तिचे खेळ असतील म्हणून यांनीही हात लावला नव्हता. कापायच्या टेबलावर त्यांनी ती रिकामी केली. तळाशी दाखला होता. आणि वर, नीट घड्या घातलेले फ्रॉक. आठ. चार वर्षांत आईच्या घरी दिलेले सगळे.

मास्तरांनी एक उलगडला. घेराच्या आत कच्चा दोरा होता, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत. दुसरा उलगडला. त्यातही होता. मी बटणांकडे गेले. नवं काज घट्ट असतं, दोनचारदा बटण आत-बाहेर केलं की सैल पडतं. एकोणीस वर्षं हेच करतेय मी, मला कुणी शिकवू नये. आठही फ्रॉकांचं एकही काज उघडलेलं नव्हतं.

"आवडले नसतील," मास्तर म्हणाले.

"आठच्या आठ? आणि तुमच्या घरचे आठ तिने विटेपर्यंत घातले ते?"

मास्तर फ्रॉक उंचीप्रमाणे लावत बसले, लहानापासून मोठ्यापर्यंत.

शाळा सुटल्यावर टाचणी आली. दारातच थांबली. टेबलावर पसरलेलं बघून तिचा चेहरा पांढरा पडला. ओरडली नाही, रडली नाही. अकरा वर्षांची पोर, दप्तर न काढता म्हणाली, "बाबा, मी सांगणार होते."

मग एकेक बाहेर आलं. आईकडे ती पहिले तीन महिनेच राहिली होती. त्यानंतर आईने तिला मावशीकडे ठेवलं, शाळेच्या मागच्या गल्लीत. आई रविवारी संध्याकाळी न्यायची ती दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत, तिथून मावशीचा नवरा गाडीवर घेऊन जायचा. फ्रॉक आई आपल्या घरी ठेवून द्यायची. मावशीकडे मावसबहिणीचे जुने कपडे होतेच. मावशी ठेवून घ्यायलाही तयार नसायची, महिन्याला काहीतरी हातावर ठेवलं की गप्प व्हायची. आणि दर रविवारी ही पोर बापाला सांगायची, आईने हे केलं, आईने ते केलं, आई बरी आहे.

"कशाला गं?" मीच विचारलं. मास्तरांना विचारवत नव्हतं.

"आई म्हणाली, बाबांना कळलं तर ते पैसे बंद करतील. मग तुला कुणीच ठेवून घेणार नाही."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. ज्या चार वर्षांसाठी हा माणूस कालपर्यंत मान खाली घालत होता, ती चार वर्षं नव्हतीच. उठवणं नाही, न्हाऊ घालणं नाही. आणि खोटं वदवून घेतलं ते पोरीच्या तोंडून. मला त्या बाईला दारात खेचून आणावंसं वाटलं, त्याच पायरीवर, जी ती कधी चढली नाही. मास्तरांचं मला माहीत नाही. ते टेप गळ्यातून काढत होते, परत घालत होते.

टाचणी टेबलाजवळ आली. "काल आईचा फोन आला होता, ती पैसे देणार नाही म्हणाली," ती म्हणाली, "तर तू मला कुणाकडे ठेवणार?"

मशीनं थांबली. मास्तर खाली बसले, तिच्या उंचीला आले. "कुणाकडे नाही," म्हणाले. "माझ्याकडे." मग पुढचं काही सुचेना म्हणून परत तेच म्हणाले.

त्या संध्याकाळी माझा धीर सुटला. मीच मागे लागले होते, आणि मीच म्हटलं, "मास्तर, राहू द्या तो अर्ज. ती बाई पोरीला घेऊन गेली तर काय कराल? आणि ही पोर पैशाचं नाव काढलं की आपलीच किंमत लावायला लागते."

"नाही, बाई. आता तर करायचाच." इतक्या ठाम आवाजात मी त्यांना बोलताना ऐकलं नव्हतं. "कागदावर ती अजून तिकडे राहते. वहीतच माप चुकलंय. पैसे ती देईल, न देईल. पोर माझ्या घरी राहते हे मला लिहून हवंय. आणि खर्चही मागणार. पोरीचा आहे तो, माझा नाही."

अर्ज त्यांनी टाचणीला वाचून दाखवला, ओळ न ओळ. 'मुलगी वडिलांकडे राहते' ही ओळ तिने स्वतः दोनदा वाचली. मग विचारलं, "याच्यामुळे आई येईल?"

"तारखेला यावं लागेल तिला."

त्या रात्री ती आठही फ्रॉक घेऊन बसली म्हणे. शेवटचे दोन दाब सोडला तर बसत होते. ते दोन दुसऱ्या दिवशी तिने मला आणून दिले. "आत्या, एवढ्यांचा दाब सोडून दे." उरलेले सहा परत पिशवीत घातले. मी म्हटलं, "अगं, हे आता कुणाच्या कामाचे?" तर म्हणाली, "आईला दाखवायचेत. तिला विचारायचंय."

तारखेच्या दिवशी मी दुकानाला दांडी मारून कोर्टात गेले. पोरीला आत बोलावणार नव्हते, पण ती ऐकेना. दाब सोडलेला फ्रॉक घालून बाहेरच्या बाकावर बसली, निळी पिशवी मांडीवर. जिना चढून कुणी बाई आली की ताठ व्हायची. मास्तर तिच्या शेजारी, इस्त्रीच्या शर्टात, हातात जन्माचा दाखला.

बारा वाजता आमच्या नावाचा पुकारा झाला. आई आली नव्हती. तिचा वकील आला होता, तरुण, घाईत. त्याने आत जाता जाता मास्तरांना सांगितलं, "मुलगी तुमच्याकडे राहण्याला आमची काही हरकत नाही. लेखी दिलंय. खर्चाबद्दल तेवढं बोलायचंय."

टाचणीने ते ऐकलं. पिशवी मांडीवरून उचलून तिने बाकाखाली सारली आणि मला विचारलं, "आत्या, हरकत नाही म्हणजे ती भांडणारच नाही का?"