बसवेना

दुसऱ्या खेपेला सातवा महिना लागला आणि माझं बसणं, उठणं, निजणं सगळंच अवघड झालं. ओटीपोटाखालचं हाड ठणकायचं, मागं कंबरेतून कळ यायची. एका पायावर तोल सांभाळून परकर घालता येईना. कुशीवर वळताना तर हाडं सुटी होतात की काय, असं वाटायचं. तुरीच्या शेंगा सोलायला बसले की लगेच उठायचे, अंगणात चकरा मारायचे, पुन्हा बसायचे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. शेळ्यांना पाला टाकता टाकता त्या म्हणाल्या, "एका जागी बस की बाई. तुझ्याकडं बघून मलाच भोवळ यायलीय."

"बसलं की दुखतंय, आत्याबाई."

"पोटुशीला दुखणारच. आमी काय बसून होतो व्हय?"

परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळ व्यवस्थित होतं. या दिवसांत सांधे सैल पडतात, असं सांगून त्यांनी मला ऑस्टिओपॅथी करणाऱ्या एका मॅडमकडं पाठवलं. गोळी नाही, सुई नाही. सांधे, स्नायू हातानंच चाचपून हळूहळू मोकळे करायचे, असं त्यांचं काम. आमचे हे कापसाच्या वेचणीत अडकलेले, म्हणून सोबत आत्याबाई आल्या. रस्ताभर खड्डा आला की मी जीपची दांडी धरून अंग उचलून घ्यायचे.

मॅडमनी मला कुशीवर निजवलं, गुडघ्यांमध्ये उशी दिली आणि कंबरेखाली हात ठेवला. कितीतरी वेळ तो तसाच. मला धीर धरवेना. ही करतेय तरी काय? दाराशी उभ्या आत्याबाईंनी विचारलंच, "येवढंच? आमच्याकडची चोळणारी तर घाम काढती."

"आता घाम नाही काढायचा, मावशी. पोटात बाळ आहे."

दोन्ही गुडघे जोडून कूस बदलायची, परकर बसून घालायचा, हेही त्यांनी शिकवलं. दुखणं एकदम थांबलं नाही, पण दोन-तीनदा जाऊन आल्यावर शेंगांची पाटी संपेपर्यंत बसता येऊ लागलं.

मुलगी झाली. वाटलं, आता सुटले. तर माकडहाड धरलं. पोरीला पाजायला बसवेना. आत्याबाईंनी मनापासून शेकलं, पोट बांधलं, तरी मी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर कलत राहायचे, आणि पोर तोंडातलं सुटलं की रडायची. मग पुन्हा परभणी.

माझं तपासून होईस्तोवर आत्याबाई नातीला घेऊन उभ्याच होत्या. मॅडमनी खुर्ची पुढं केली. "बसा की मावशी."

"उभंच बरं हाय मला."

"बसल्यावर दुखतं का?"

आत्याबाई खांद्यावरच्या पोरीकडं बघत म्हणाल्या, "हिचा बाप झाला तवापासून."

इतकी वर्षं आम्ही सगळे म्हणायचो, म्हातारीला कामाशिवाय चैन पडत नाही. जेवायलाही त्या उकिडव्याच बसायच्या.

"आता झोपा इथं. बघते," मॅडम म्हणाल्या.

"सुनंम्होरं न्हाई." त्यांनी पोर माझ्याकडं दिली आणि मला बाहेर काढलं. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले. आत काय चाललंय, कळत नव्हतं. एकदा वाटलं, त्या रडतायत. पण ती बाजूच्या खोलीतली बाई होती.

बाहेर आल्यावर त्यांनी नुसता पदर सारखा केला. "हात लय थंड हायेत तिचे," एवढंच बोलल्या. स्टँडकडं चालताना मात्र म्हणाल्या, "परत कवा बोलवलंय?"

"मला का तुम्हाला?"

"दोघींला."

पोर रांगायला लागली तोवर माझं दुखणं जवळजवळ गेलं. आत्याबाईंचं जुनं आहे, पुरतं जाणार नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. आता त्या दुपारी थोडा वेळ पाटावर टेकतात, कळ आली की उठतात. त्या उठल्या की माझ्याही हातातलं काम थांबतं.