जावयाच्या गाडीला सासऱ्याचं तेल

आता कुठून सुरुवात करू? आधी हातातला चहा संपवा, नाहीतर हसताना अंगावर सांडाल. हसा हो, मला काही वाटत नाही. निम्मं लातूर हसून मोकळं झालंय, तुम्हीच कशाला मागं राहता?

माझा करडईच्या तेलाचा घाणा. तीस वर्षं झाली. तळहातावर एक थेंब घ्यायचा, अंगठ्यानं चोळायचा, नाकाशी न्यायचा, झालं! करडई जुनी का नवी, तेल आज काढलं का आठ दिवसांपूर्वी, आणि त्यात कुणी काय ढकललंय, सगळं सांगतो. मुरुडपासून जळकोटपर्यंतचे दुकानदार बाटल्या घेऊन माझ्याकडं येतात. "आप्पा, जरा बोट लावा," म्हणतात. आप्पा बोट लावतो आणि निकाल देतो. त्यावर अपील नाही!

तर या बोटांनीच घात केला.

माझी एकुलती एक मुलगी, गौरी, नांदेडला दिली. जावई, सुमीतराव, तिथं एका कारखान्यात इंजिनिअर. माणूस सोन्यासारखा, पण बोलायचं नावच नाही! लग्नाला दीड वर्ष झालं, आमचं संभाषण किती? "हो आप्पा", "नाही आप्पा" आणि जेवायला बसल्यावर "बास आप्पा". मी पावसावर बोलून पाहिलं, राजकारणावर बोलून पाहिलं, एकदा तर क्रिकेटचा स्कोअर पाठ करून गेलो. "हो आप्पा!" मला वाईट वाटायचं हो. मुलगा नाही आपल्याला, जावयानं दोन शब्द बोलावेत एवढीच अपेक्षा.

त्यांचा जीव फक्त एका गोष्टीत. गाडी! लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी. सुरू केली की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी आपोआप वाजतात. गल्लीतला स्पीडब्रेकर चढायला ती सात मिनिटं घेते आणि हायवेवर म्हणे डोळ्याचं पातं लवायच्या आत दिसेनाशी होते.

यंदा अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिलाच, म्हणजे जावयाला धोंडा जेवायला बोलावणं आलंच. आदल्या संध्याकाळी दोघं आले. आणि चहा पिता पिता जावईबापू आपणहून म्हणाले, "आप्पा, इथं एखादं चांगलं गॅरेज आहे का? गाडीचं तेल बदलायचंय. तेल मी आणलंय, डिक्कीत आहे."

अहो, मी उभाच राहिलो! दीड वर्षात पहिला प्रश्न, आणि तोही कशाचा? तेलाचा! साऱ्या जगात मला ज्या एकाच गोष्टीतलं कळतं, नेमका त्याचा! मी म्हटलं, "जावईबापू, तेलाचं आपल्यावर सोडा. उद्या खलील मिस्त्रीला सांगून करून घेतो. तुम्ही निवांत धोंडे हाणा."

"हो आप्पा," ते म्हणाले.

इथवर काही बिघडलं नव्हतं. इथंच थांबलो असतो तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळ आली नसती. पण सकाळी जावई आंघोळीला गेले आणि मी डिक्कीतून तो डबा काढला. सील फोडलं. सवयीनं तळहातावर थेंब घेतला, चोळला.

पाणी! अगदी पाणी हो! बोटावर टिकायला तयार नाही, ओघळून मनगटापर्यंत गेलं. नाकाशी नेलं तर वास नाही. चष्मा लावून डबा वाचला, त्यावर मोठ्या अक्षरात शून्य आणि तीस. मला सांगा, ज्याला पहिल्याच पेपरात शून्य मिळालंय ते तेल कसलं?

"फसवलं पोराला!" मी बायकोला म्हटलं. "नुसती भेसळ आहे."

ती अनारसे तळत होती. "त्यांना इचारा की एकदा. गाडी त्यांची हाय."

"इंजिनिअर माणूस तो. त्याला यंत्र कळतं, तेल कळत नाही. आणि सणाच्या दिवशी तुम्ही फसलात म्हणून जावयाला तोंडावर सांगू का?"

मी तडक बाजारात गेलो. चार डब्यांना बोट लावलं आणि एक निवडला. काय सांगू तुम्हाला, काकवीसारखं दाट! थेंब बोटावरून खाली यायला तयार नाही. डब्यावर नंबर वीस आणि पन्नास. शून्य-तीस कुठं आणि वीस-पन्नास कुठं! दुकानदार म्हणाला, "आप्पा, नवा ट्रॅक्टर घेतलाव का?" मी नुसता हसलो.

आणि मग मला ती भन्नाट कल्पना सुचली. दुपारी पाहुणे जमले. जावयाला पाटावर बसवलं. समोर तबक, तबकात तेहतीस अनारसे, तुपाचा दिवा, आणि मधोमध पाच लिटरचा तेलाचा डबा! त्याला मी विभूतीची तीन बोटंसुद्धा ओढली होती.

जावयांनी डबा पाहिला. डब्यावरचा नंबर पाहिला. त्यांचे ओठ हलले. "आप्पा, हे जरा…" पण धोंड्याच्या वाणाला जावयानं नाही म्हणायचं नसतं. सगळे पाहुणे टक लावून बघत होते. त्यांनी डब्याला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "छान आहे आप्पा. नांदेडला घेऊन जातो."

मला वाटलं, आनंदानं शब्द फुटेनात!

चार धोंडे, वर तूप, मग जावई आडवे झाले. मी खुंटीवरची किल्ली घेतली आणि खलील मिस्त्रीला बोलावलं. खलीलचा सगळा जन्म ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात गेलेला. त्यानं गाडीला एक चक्कर मारली, डबा पाहिला आणि डोकं खाजवलं.

"आप्पा, ह्या गाडीला पातळ तेल लागतंय बगा. हे लई जाड हाय."

"खलील, तेलातलं तुला जास्त कळतं का मला?"

"तेलातलं तुमालाच कळतंय, आप्पा. गाडीतलं म्हणलालोय मी."

"टाक!"

त्यानं बिचाऱ्यानं टाकलं. आता उरला तो पाण्यासारखा डबा. भेसळीचं असलं तरी फेकून कसं द्यायचं? आमच्या धंद्यात तेलाचा थेंब वाया घालवत नाहीत. मी तो डबा घेऊन गल्लीत फिरलो. कुणाच्या फाटकाच्या बिजागरीला, कुणाच्या दुकानाच्या शटरला, कुणाच्या सायकलला, शेजारच्या शकुबाईंच्या शिलाई मशीनला. उरलेलं सगळं घाण्याच्या बेअरिंगला. डबा रिकामा!

चार वाजता जावई उठले. मी म्हटलं, "तेल बदललं! चला, नांदेड रोडला एक चक्कर मारू." त्यांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं त्यांचंच तेल टाकलंय. मी पुढच्या सीटवर बसलो, म्हणजे जवळजवळ झोपलोच, त्या गाडीत बसता येत नाही.

सुरू करताच आतून टकटक आवाज आला. जावयांनी कान दिला. मी म्हटलं, "नवं तेल आहे, रुळेल." हायवेला लागलो. गाडी काही सुटेना. अंगात ताप असल्यासारखी चालली होती. आम्हाला एका कडब्याच्या टेम्पोनं मागं टाकलं! मग समोर एक दिवा लागला. पिवळा. मग दुसरा. लाल.

जावयांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली. "असं कसं होईल? तेल तर बरोबर होतं…"

"बरोबर म्हणजे काय!" मी छाती फुगवून म्हटलं. "वाणातलंच टाकलंय!"

जावयांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि डोळे मिटले. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पण नाही. ते खाली उतरले, बॉनेटवर हात ठेवला आणि पुण्याच्या त्यांच्या मेकॅनिकला फोन लावला. पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मला आत सगळं ऐकू येत होतं.

"जाड तेल? त्या इंजिनात? अहो, तिथल्या वाटा केसाएवढ्या बारीक असतात, पातळ तेलच झटकन पोचतं! कोणत्या अडाण्यानं टाकलं?"

जावई वळले. माझ्याकडं पाहिलं. आणि म्हणाले, "माझ्याकडूनच गडबड झाली."

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी कसाबसा त्या गाडीतून बाहेर निघालो आणि फोनकडं तोंड करून ओरडलो, "साहेब, तो अडाणी मी! सासरा!"

तो म्हणाला, इंजिन वाचलंय, लगेच बंद केलं म्हणून. तेल काढून टाका, बरोबरचं भरा, तोवर सुरू करू नका.

"बरं झालं," जावई म्हणाले. "आप्पा, माझा डबा घरीच असेल ना?"

आता सांगा, कुठल्या कुठल्या बिजागरीचं नाव घेऊ?

गाडी दोरीनं बांधून ओढत आणली. कशानं? ट्रॅक्टरनं! तो त्याच वीस-पन्नास तेलावर झकास पळत होता. गल्लीत शिरलो तर शकुबाई दारातच. "आप्पा, काय तेल दिलाव हो! मशीन नुसतं हात लावलं की पळलालंय!" समोरचा दुकानदार एका बोटानं शटर वर-खाली करून चार लोकांना दाखवत होता. आमचा घाणा तर आवाजच करत नव्हता, मला वाटलं बंद पडला. आणि जावई प्रत्येक बिजागरीकडं बघत चालले होते.

तसं तेल लातुरात मिळालं नाही, नांदेडलाही नाही. पुण्याहून यायला चार दिवस लागले. चार दिवस जावई घरात, आणि अधिक महिना असल्यामुळं चारही दिवस धोंडे. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः घाण्यावर आले आणि म्हणाले, "आप्पा, ते बोटानं ओळखायचं मला शिकवा." मी शिकवलं. मग त्यांनी कागदावर इंजिन काढून मला शिकवलं. थंडीत तेल किती चटकन धावेल त्याचा तो पहिला आकडा, म्हणजे शून्य हाच तिथं पहिला नंबर! आम्ही दोघं बोलत बसलो ते जेवायची हाक तीनदा आली तरी उठलो नाही. बायको आत म्हणत होती, "तीस वर्सं माझ्या वरणाला पातळ पातळ म्हणून नावं ठेवलाव. आता खावा गुमान." मी दोन वाट्या प्यालो.

गाडी ठणठणीत होऊन नांदेडला गेली. मला वाटलं, चला, निस्तरलं.

मग दिवाळी आली. सकाळीच रांगोळी झाली, मी गाडीसाठी अंगणातली जागा झाडून ठेवली आणि भांडी कधी वाजतात म्हणून कान देऊन बसलो. भांडी काही वाजली नाहीत. वाजलं फाटक. बघतो तर रिक्षातून उतरून, खांद्याला पिशव्या अडकवून दोघं चालत येताहेत. एसटीनं आले होते!

"जावईबापू, गाडी कुठंय?"

"ती म्हणाली, तुम्ही जाऊन या आप्पांकडं. मला पथ्य आहे."