दहा वर्षांचं कुलूप

२००७ची तेजी होती. दक्षिणेतल्या गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात, कामगारांच्या पेन्शन फंडाच्या ट्रस्टींना मी, गुंतवणूक सल्लागार, ऐटीत स्लाइड्स दाखवत होतो. निम्मी पुंजी जमिनींच्या फंडात टाका, दहा वर्षं हात लावता येणार नाही, पण परतावा बघा!

कामगारांच्या बाजूचे एक ट्रस्टी मात्र टंबलरमधली कॉफी वाटीत अन् वाटीतली टंबलरमध्ये, हातभर उंचावरून ओतत बसले होते. थेंब सांडेना. म्हटलं, यांचं लक्षच नाही.

शेवटचा घोट घेऊन ते तंजावरी हेल काढत चक्क मराठीत म्हणाले, "फंड चांगला आहे, सार. पण आमचे निम्मे लोक तीन वर्षांत रिटायर होतात. त्यांना काय सांगू?"

माझ्या बत्तीस स्लाइड्समध्ये कुणाचंच वय नव्हतं.